जूनचं कोरडं ढेकूळ

आमच्या घरात पाऊस दोन ठिकाणी पडायचा. एक मोठ्या बाबांच्या घटात आणि दुसरा बाबांच्या बाटलीत. तिसरा, जो खरोखर वावरात पडायचा, त्याला या दोघांचं काही देणंघेणं नसायचं. तो आपल्या सवडीने यायचा किंवा यायचा नाही. तो आला की घटवाले म्हणायचे आम्ही सांगितलंच होतं, आणि नाही आला की बाटलीवाले म्हणायचे आम्ही सांगितलंच होतं. या दोघांच्या मधे आई चुलीपाशी बसून एकच प्रश्न विचारायची, "ते सारं ठीक हाय, पण माह्यी टाकी कोण भरते?"

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मोठी आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे त्यांचं सारं लक्ष वावर आणि आकाश यांत विभागलेलं. बाबा वरवट बकालच्या एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होते. आमचं गाव तिथून कोसभर. ते सायकलने जायचे-यायचे. दवाखान्यातून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या होत्या : औषध मोजायचा एक काचेचा रेघांचा पेला आणि प्रत्येक गोष्ट मोजायची खोड. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, विटांच्या आधाराने त्यांनी एक बाटली उभी केली होती, तिच्या तोंडात पत्र्याचं नरसाळं. पाऊस पडला की सकाळी सातला ते शिडी चढून वर जात, बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून डोळ्यासमोर धरत आणि खाली येऊन वहीत आकडा लिहीत. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढून मिलिलिटरचे मिलिमीटर कसे करायचे, हे त्यांनी मला चौथीत शिकवलं. शाळेत तो धडा सातवीत आला तेव्हा गुरुजींनी विचारलं, कोणी शिकवलं? मी म्हटलं, पावसानं. गुरुजींना ते आगाऊपणाचं वाटलं. मी खरं तेच सांगितलं होतं.

बाबा पावसाबद्दलही दवाखान्याच्याच भाषेत बोलत. "काल रात्री बरा झाला, पण मात्रा कमी पडली." मोठे बाबा हसत. "लेका, आभायाले चमच्यानं मोजते का कोणी?" बाबा म्हणत, "तुम्ही पुरीनं मोजता, मी पेल्यानं मोजतो."

हे पुरीचं सांगायला पाहिजे. आमच्या भागात अक्षयतृतीयेला, म्हणजे आखाजीला, घट मांडून वर्षाचं पाऊसपाणी सांगायची जुनी चाल आहे. काही ठिकाणची मांडणी मोठी, तिथे दुरून माणसं येतात. आमची घरगुती होती. गावातले वीस-पंचवीस जण जमायचे. वावरात धान्यांचा गोल आखायचा, मधे हातभर खड्डा, खड्ड्यात चार ढेकळं. चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने : पूर्वेला जून, दक्षिणेला जुलै, पश्चिमेला ऑगस्ट, उत्तरेला सप्टेंबर. ढेकळांवर पाण्यानं भरलेलं मडकं, मडक्यावर पुरी, बाजूला कुरडई, पापड, पानसुपारी. दुसऱ्या दिवशी उजाडताच जाऊन पाहायचं. पुरी म्हणजे पृथ्वी, कुरडई म्हणजे जनावरांचा चारा, पान म्हणजे राजा. मडकं उचललं की कोणतं ढेकूळ किती भिजलं त्यावरून त्या महिन्याचा पाऊस. एका वर्षी राजाच दिसेना. शोधल्यावर कळलं की शेजारच्या गोठ्यातल्या बकरीनं पान खाल्लं होतं. मोठे बाबा गंभीरपणे म्हणाले, "सरपंच बदलते." त्या वर्षी निवडणूकच होती, सरपंच बदलणारच होता. पण गावात पुढची दोन वर्षं त्या बकरीला कोणी हटकलं नाही.

मला या साऱ्यात आवडायचा तो दुसऱ्या दिवशीचा आंब्याचा रस आणि सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या कणकेच्या शेवया. आई सरगुंडे वळायला बसली की तिची बोटं दिसत नसत. रेडिओ चालू असायचा आणि त्यावर हवामान सांगत : विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस. आई एकदा म्हणाली, "हे तुरळक ठिकाण कोणत्या तालुक्यात हाय, एकदा जाऊन पाहा लागते. सारा पाऊस तिथंच पडते." आज माझ्या हातातला फोन सांगतो, चाळीस टक्के शक्यता. मी खिडकीतून पाहते आणि मला आईचं ते गाव आठवतं.

नवव्या वर्षी मी एक रजिस्टर सुरू केलं. डाव्या पानावर मोठ्या बाबांचं भाकीत, उजव्या पानावर बाबांच्या बाटलीतला खरा पाऊस. महिन्याला एक गुण. भाकीत जुळलं तर एक, नाही तर शून्य. मी सतराची झाले तोवर आठ वर्षांचे बत्तीस महिने झाले होते आणि मोठ्या बाबांचे सतरा महिने बरोबर आले होते. बाबाही मागच्या वर्षांची सरासरी काढून दर मे महिन्यात पुढचा अंदाज लिहीत; त्यांचे अठरा. मी एकदा दोघांना ऐकवलं की नुसतं नाणं उडवलं असतं तरी सोळा आले असते. त्या दिवशी माझ्या वाटचा रस दोघांनी वाटून घेतला. घरात त्या दोघांचं एकमत झालेलं मला आठवतं ते त्या एका बाबतीत.

त्या आकड्यांत मला आणखी एक गोष्ट सापडली होती, ती मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. घटाला नवं मडकं लागतं. पण आठांपैकी तीन वर्षं कुंभार गावाला गेलेला होता आणि आईनं घरातलं जुनंच घासून दिलं होतं. नव्या मडक्याच्या पाचही वर्षी भाकीत भरपूर पावसाचं, जुन्या मडक्याच्या तिन्ही वर्षी दुष्काळाचं. आमचा सगळा भाग खाऱ्या पाण्याचा. विहिरीच्या पाण्यात चहा केला तर दूध फाटतं, आणि मडकं एक उन्हाळा वापरलं की त्यावर पांढरा थर बसून त्याची छिद्रं बुजतात. मग ते पाझरत नाही, ढेकळं भिजत नाहीत. नव्या मडक्याचं बूड जिकडे पातळ, तिकडचा महिना जास्त ओला. घट पाऊस सांगत नव्हता. मडक्याचं वय सांगत होता.

ताईचं लग्न ठरलं ते त्याच वर्षी. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण नंदा, डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. परीक्षा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. मुलगा लोणारकडचा, सुलतानपूरचा. माणसं चांगली होती. त्यांनी दोन तारखा दिल्या : एक मेच्या तिसऱ्या आठवड्यातली, एक जूनच्या अखेरची. थोरल्या मुलीचं ज्येष्ठात चालतं का यावर एक दुपार गेली. मुलगा घरातला दुसरा, म्हणून चालतं असं ठरलं. मग खरा वाद सुरू झाला. मेमध्ये आमच्या विहिरीत बादली टाकली की तळाला लागून आवाज येई. पाचशे माणसांना पाणी कुठून पाजायचं? आणि जूनअखेरीस गावाबाहेरचा नाला. गावात यायला रस्ता एकच, तो नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या फरशी पुलावरून. सातपुड्यात पाऊस झाला की रपट्यावरून पाणी जाई आणि गाव बेट होऊन बसे.

"अकरा वर्षांची नोंद आहे," बाबा वही उघडून म्हणाले. "जूनच्या शेवटच्या आठवड्यात सहा वेळा रपट्यावर पाणी. अकरात सहा. वऱ्हाड तिकडे अन् आपण इकडे. लग्न मेमध्येच करा. तहान टँकरनं भागते, पुराले टँकर नाही."

"अन् पाच वेळा नव्हतं, ते नाई सांगत," आई म्हणाली. तिला मे नको होता. वैशाखात पाचशे माणसांची भांडी तिलाच दिसत होती.

मोठे बाबा सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "भांडू नका. आखाजी चार दिवसांवर हाय. जून ओला निंगाला त लगन मे मधात. कोरडा निंगाला त जूनमधी. घट सांगन तसं करू."

संध्याकाळी धाब्यावर बाटलीशेजारी बसून ताई मला म्हणाली, "मे मधात झालं त परीक्षा गेली समज. ते म्हणतेत, पुढच्या वर्षी दे. पुढचं वर्ष कोणाच्या घरात उगवते शोभे, मले मालूम नाही का?" तिच्या मांडीवर बालमानसशास्त्राचं पुस्तक होतं आणि तिनं त्यात बोट घालून ठेवलं होतं, जसं काही कोणी पान मिटून टाकील.

कुंभार त्या वर्षी गावातच होता. मडकं नवं येणार, म्हणजे चारही ढेकळं भिजणार, म्हणजे जून ओला, म्हणजे लग्न मेमध्ये. हे मला चार दिवस आधीच दिसत होतं, आणि गावात ते फक्त मलाच दिसत होतं, असं मी समजत होते. जुनं मडकं द्यावं तर चारही महिने कोरडे निघतील आणि गावातली माणसं पेरणी सोडून मजुरीसाठी सुरतेच्या गाडीत बसतील. मला फक्त जून कोरडा पाहिजे होता. मी आयुष्यात एकदाच फसवणूक केली, पण ती मोजून केली. दोन लहान गाडगी घेतली, उन्हात तापवली, एकाच्या बुडाच्या चौथ्या हिश्शावर मेणबत्ती घासली. दोन्हीत पाणी भरून धाब्यावर मातीत ठेवली. सकाळी साध्या गाडग्याखालची माती सगळीकडे ओली. मेणाच्या गाडग्याखाली चौथा हिस्सा खडखडीत. हा प्रयोग दोनदा केला. एकदा जमलं ते योगायोगानंही असू शकतं.

आखाजीच्या दुपारी आई पुऱ्या तळत असताना मी खऱ्या मडक्याला मेण लावलं आणि गळ्याशी त्याच बाजूला कोळशाचा बारीक ठिपका दिला. योजना साधी होती. मडकं मोठ्या बाबांच्या हाती मीच द्यायची, दरवर्षी द्यायची तशी. ठिपका पूर्वेकडे करून द्यायचं. ते तसंच ठेवतील. ऊन उतरल्यावर सगळे वावरात गेलो. धान्याचा गोल झाला, ढेकळं ठेवली. मी मडकं दिलं. ठिपका पूर्वेला. मोठे बाबा खड्ड्याकडे वळून बसले. त्यांनी मडकं दोन्ही हातांत बुडापाशी धरलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि मडकं हातातल्या हातात फिरवायला लागले. असं ते कधी करत नसत. निदान आठ वर्षांत नव्हतं केलं; माझ्या रजिस्टरात असती ती नोंद. एक फेरा झाला. मग अजून थोडं. सव्वा की दीड? ठेवायला त्यांनी मडकं गळ्याशी धरलं; मी वाकून ठिपका पाहायला गेले तर तिथे त्यांचा अंगठा होता. त्यांनी मडकं ठेवलं, हात धोतराला पुसले, वर पुरी ठेवली आणि मला म्हणाले, "सरक वं, सावली पडून राह्यली राजावर."

रात्रभर मी एवढाच हिशेब केला : चार बाजू, त्यांतली एक माझी. म्हणजे चारात एक. आणि उरलेल्या तिनांत जून ओला, लग्न मेमध्ये, वर एखादा बिचारा ऑगस्ट विनाकारण कोरडा.

सकाळी मोठ्या बाबांनी मडकं उचललं. पूर्वेचं ढेकूळ हाडासारखं कोरडं. जुलै चिंब, ऑगस्ट त्याहून चिंब, सप्टेंबर अर्धा. माणसं पुढे सरकली. मोठे बाबा उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "जून कोरडा जाते. पेरणीची घाई करू नका. जुलैत पाणी येते, ऑगस्टात नकोसं होते, सप्टेंबरात निम्मं. अन् नंदीचं लगन जूनच्या आखरीले. नाला काही आडवा येत नाई." बाबांनी खिशातली वही काढून तिथेच लिहिलं : माझे मत विरोधी. खाली सही.

ताईनं सगळे पेपर दिले. मला आनंद व्हायला हवा होता. पण जून लागला, मृग निघाला, गेला, आणि आकाशात ढगाचा बोटभर तुकडा नाही. धाब्यावर बाटलीत पाणी नव्हतं. धूळ होती आणि एक मुंगळा. लोक मोठ्या बाबांना भेटायला येऊ लागले, पलीकडच्या दोन गावांहून सुद्धा. "दाजी, काय सांगतलं तुम्ही! थेंब नाही!" कोणी नारळ आणला, कोणी टोपी. मोठे बाबा ओट्यावर बसून सगळ्यांना चहा पाजत आणि मी आत चहाला गोडं पाणी पुरवता पुरवता घामाघूम होत होते. मला खरंच वाटायला लागलं होतं की पाऊस मी मेणानं थांबवलाय. हिशेबी माणसालाही असं वाटू शकतं. पाणी नसलं की अक्कलही आटते.

"पाण्यासाठी मे टाळला," आई म्हणाली, "अन् जूनले मेपक्षा कमी पाणी." शेवटी दोन टँकर सांगावे लागले. बाबांच्या चेहऱ्यावर अकरात सहा लिहिलेलं दिसत होतं.

लग्नाच्या दिवशी आकाश घासलेल्या परातीसारखं होतं. सकाळी एक टँकर रपटा ओलांडून मांडवाशी आला. दुसरा मागून येत होता. वऱ्हाडी दोन जीपा आणि एका ट्रकमधून पहाटेच निघाले होते. मांडवात वांग्याची भाजी, वरण, बुंदीच्या लाडवांच्या पाट्या भरलेल्या. दुपारी बाराच्या सुमाराला नाल्याकडून आवाज आला. आधी मला वाटलं ट्रक. मग वाटलं दोन ट्रक. आम्ही धावत गेलो तर सातपुड्याच्या अंगानं तांबडं, गढूळ पाणी काटक्या-पालापाचोळा घेऊन रपट्यावरून धो-धो चाललेलं. आमच्या डोक्यावर कडकडीत ऊन. वर डोंगरात कुठेतरी ढग फुटला होता आणि गावात थेंब नव्हता. पलीकडच्या काठावर दोन जीपा, एक ट्रक, घोड्यावर बसायच्या तयारीतले भाऊजी, साठेक वऱ्हाडी आणि आमचा दुसरा टँकर. अलीकडे पहिला टँकर. मधे एवढं पाणी वाहतंय आणि दोन्ही काठांवर विकत आणलेलं पाणी एक-एक टँकर उभं.

"रपट्यावर पाणी आलं की नाही?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही.

"गावात थेंब पडला का?" मोठे बाबा म्हणाले.

"मी पूर सांगितला होता!"

"मी कोरडं सांगतलं होतं!"

"अवो, जवाई तिकडे उभा हाय!" आई ओरडली, तेव्हा कुठे दोघं गप्प झाले.

पलीकडून भाऊजींचे काका बोलत होते. मोठ्या मिशांचे, धिप्पाड, पिवळा फेटा बांधलेले. आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता. "आम्हाला काय येडं समजता का? जूनअखेर कोरडा आहे म्हणून सांगावा कोणी धाडला? ही काय तुमची घटाची विद्या? मुहूर्त टळला तर आम्ही माघारी चाललो! पोराला काय नाल्यात उभा करू?" ते नुसतं बोलत नव्हते. त्यांनी पुढच्या जीपच्या ड्रायव्हरला गाडी वळवायला लावली. जीपचं तोंड खरोखर सुलतानपूरकडे झालं.

ताई माझ्याशेजारी हळद लावलेली, मुंडावळ्या बांधलेली उभी. मी तिचा हात धरून म्हटलं, "ताई, हे माह्यामुळं झालं."

"तुह्यामुळं?" ती म्हणाली. "तू ढग हायेस का वं?"

तेव्हा आई पुढे आली. नवं लुगडं, कमरेला पदर खोचलेला, हातात लाडवांची पाटी. "मुहूर्ताचं मंग पाहू. सकायपासून उपाशी हायेत ते लोकं," ती म्हणाली आणि तिनं एक लाडू हातात तोलून नाल्यापलीकडे भिरकावला. पाट चाळीस-पंचेचाळीस फूट असेल. लाडू उन्हातून चमकत गेला आणि काकांनी, जीपकडे वळता वळता, एका हातानं झेलला.

काकांनी लाडवाकडे पाहिलं. खाल्ला. मग फेटा मागे सारून दोन्ही पाय फाकवून उभे राहिले आणि म्हणाले, "टाका."

यानंतरचा अर्धा तास मी मोजला आहे. त्रेचाळीस लाडू टाकले. एकोणतीस पोचले, सहा नाल्यात गेले, आठ हवेतच फुटले. पोचलेल्या एकोणतिसांपैकी सतरा एकट्या काकांनी झेलले, त्यातला एक आडवं पडून. पडल्यावर दोन्ही काठांवरून टाळ्या झाल्या. त्यांनी उठून, चिखल झटकून, जीप सरळ करायला सांगितली. बुंदी इतकी घट्ट वळल्याबद्दल आईला आयुष्यात कोणी शाबासकी दिली नव्हती. त्या दिवशी काकांनी पलीकडून दिली.

मुहूर्त मात्र थांबणार नव्हता. मोठे बाबा लग्न लावणाऱ्या महाराजांकडे वळले. "महाराज, आंतरपाट किती रुंद पाह्यजे?"

महाराजांनी नाल्याकडे पाहिलं, पंचांगाकडे पाहिलं. ते म्हणाले, "तसं माप शास्त्रात कुठं दिलेलं नाही."

मांडवातला भोंगा आणून बाभळीला बांधला. ताई अलीकडे पाटावर, भाऊजी पलीकडे ट्रकमधल्या सतरंजीवर, मधे तांबडा आंतरपाट खळखळत. मंगलाष्टकं म्हटली. अक्षता दोन्ही काठांवरून नाल्यात पडल्या आणि पूर्णेकडे वाहत गेल्या. तीन तासांनी पाणी घोट्यापर्यंत उतरलं तेव्हा ट्रॅक्टरवर बसून भाऊजी आले आणि हार घातले. आधी लग्न, मग वऱ्हाड. पंगतीला काकांनी लाडू घेतला नाही. म्हणाले, पोट भरलंय.

त्या वर्षी जुलैत पाऊस आला, ऑगस्टात नकोसा झाला, सप्टेंबरात निम्मा. जूनमध्ये बाटलीत शून्य. मी रजिस्टर भरलं. मोठे बाबा : चारात चार. नऊ वर्षांत एकदाच त्यांना पैकीच्या पैकी गुण पडले आणि ते ज्या वर्षी मी घट खोटा केला त्या वर्षी. मी त्या चाराशेजारी लाल शाईनं तारा काढला. तो कशाचा हे लिहिलं नाही.

ताई पास झाली. आता ती लोणार तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि पोरांना एका गुणाचीही सूट न देणारी म्हणून प्रसिद्ध आहे. बाबांनी बाटली माझ्याकडे दिली. आता ती आमच्या गच्चीवर आहे. त्यांच्या जुन्या वह्यांत पाऊस दिवसादिवसाला थोडा थोडा सांडलेला दिसतो. माझ्या वह्यांत मधली पानं कोरी असतात आणि मग एका दुपारी महिना भरून निघतो. एका सकाळी मी वर गेले तर नरसाळ्यातून पाणी बाहेर वाहत होतं. बाबांना फोनवर विचारलं, आकडा काय लिहू? त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, "लिही, बाटली लहान पडली." सरासरीवर त्यांचा जीव होता, ती हातातून गेली हे त्यांना माणूस गेल्यासारखं वाटतं. कोरडं आणि पूर एकाच दिवशी, हे तेव्हा आमच्या गावात लग्नात सांगायची गोष्ट होती. आता ते नेहमीचंच, त्याची गोष्ट होत नाही.

मोठ्या बाबांनी शेवटचा घट मांडला त्या वर्षी मी माहेरी गेले होते. खड्ड्यात पाच ढेकळं होती. मी विचारलं, पाचवं कशाचं? ते म्हणाले, "ऑक्टोबरचं. सोयाबीन कापाले आली का पाणी येते आजकाल. चारात भागत नाई." मला वाटलं, रेडिओ बदलला नाही, पंचांग बदललं नाही, पण या म्हाताऱ्यानं आपला खड्डा रुंद केला. आणि एवढं खरं वागणाऱ्या माणसाशी मी खोटं वागले होते. रसाची वाटी खाली ठेवून मी रजिस्टर काढलं, लाल तारा दाखवला आणि सगळं सांगितलं : गाडगी, मेणबत्ती, ठिपका.

ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं.

"येडे," ते म्हणाले, "मडकं हातात घेतलं न मले बुडाले मेण लागलं. चाळीस वर्सं मडके धरून राह्यलो, मले कोरं बूड कळत नाई का? मनात म्हटलं, पोरीनं एक बाजू बुजवली. काऊन बुजवली असन? मंग तुह्या तोंडाकडे पाह्यलं, तू पूर्वेकडे पाहून राह्यली होती. मंग समजलं. नंदीच्या परीक्षेचं मले काय मालूम नव्हतं?"

"पण मी बरोबरच दिलं होतं," मी म्हटलं. "ठिपका पूर्वेला होता. तुम्ही फिरवलं कशाला?"

"तू बरोबर नव्हतं देल्लं. तू माह्यासमोर उभी होती. तू मडकं देल्लं तवा मेण पूर्वेले होतं, पण मंग मी वळून खड्ड्याशी बसलो न, मेण गेलं पश्चिमेले. तसंच ठेवलं असतं त ऑगस्ट कोरडा गेला असता तुह्यावाला." त्यांनी बोटानं हवेत मडकं फिरवलं. "दीड फेरा. मोजून."

मी रजिस्टरात तो तारा पुन्हा पाहिला. आठ वर्षं बत्तीस महिने मोजणारी मी, आणि मला पूर्व-पश्चिम मोजता आली नव्हती. मी विचारलं, मग हे चार गुण आता कोणाच्या नावावर लिहू? घटाच्या, तुमच्या की माझ्या?

"इकडे आण," ते म्हणाले. त्यांना लिहिता-वाचता येत होतं, सही झोकदार होती. पण त्यांनी पेन घेतला नाही. पूजेच्या ताटातलं कुंकू अंगठ्याला लावलं आणि ताऱ्याच्या खाली ठसा उठवला. "ठिपक्यावर हाच होता," ते म्हणाले, आणि रसाची वाटी माझ्यापुढे सरकवली.